वर्धा खोऱ्यातील कोळसा : भूमी, इतिहास आणि शाळेतील पाठ

सेवाग्राम स्थानकातून दक्षिणेस हिंगणघाटकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कोळशाने भरलेल्या मालगाड्या रात्रंदिवस धावत असतात. मार्गालगतच्या गावांतील मुलांस या गाड्यांचे डबे मोजण्याचा मोठा नाद असतो. परंतु हा कोळसा कोठून येतो, तो जमिनीखाली कसा साठला, आणि शेजारच्या वरोरा तालुक्यात जो सापडतो तो आपल्या गावच्या विहिरीत का सापडत नाही, हे प्रश्न वर्गात सहसा निघत नाहीत. भूगोलाच्या पाठात झरिया व राणीगंज येथील खाणींची नावे मुले घोकतात. दोन तासांच्या अंतरावरील खदानीविषयी मात्र त्यांस काहीच सांगितले जात नाही.

ही उणीव भरून काढणे कठीण नाही. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. गावची विहीर, नाल्याची दरड आणि जुन्या माणसांच्या आठवणी एवढी सामग्री पुरेशी आहे. प्रथम भूमीची रचना, नंतर खाणींचा इतिहास, त्यानंतर खाण बंद झाल्यावर मागे उरणारी जमीन आणि शेवटी वर्गात घ्यावयाचे पाठ, असा क्रम येथे ठेवला आहे.

विहिरीत दिसणारे थर

वर्धा जिल्ह्यात नवी विहीर खोदली जात असता तिचा काठ निरखून पाहावा. सर्वांत वर काळी कसदार माती असते. तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे आढळतात. त्याखाली मुरूम लागतो, मग झिजलेला कच्चा खडक आणि अखेरीस सुरुंगावाचून न फुटणारा काळा पाषाण. काही ठिकाणी दोन पाषाणांच्या मध्ये लाल मातीचा पातळ थर दिसतो. हा लाल थर फार बोलका आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीस लांबच लांब भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर पडला व चादरीसारखा पसरला. एक चादर थंड झाल्यावर तिचा वरचा भाग ऊनपावसाने झिजून त्याची माती बनली. त्यानंतर पुन्हा रस आला व त्याने ती माती झाकून टाकली. तीच ही लाल माती होय. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीचा जन्मही याच पाषाणाच्या झिजेतून झाला आहे.

लाव्हारस थंड होत असता त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. कालांतराने खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत निरनिराळी खनिजे भरली. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथील टेकडीवर, जेथे शेख फरीद यांचा दर्गा आहे, असे गोल खडे विपुल सापडतात. एका व्यापाऱ्याने साधूशी उद्धटपणे बोलल्यामुळे त्याच्या मालातील नारळ व फळे दगड झाली, अशी त्यांविषयी आख्यायिका आहे. शिक्षकांनी ही कथा आदराने सांगावी आणि मग खड्यांची घडण समजावून द्यावी. लोकांनी या खड्यांकडे शेकडो वर्षे किती बारकाईने पाहिले, याची ती कथा साक्ष आहे.

कोळसा कोठे दडला आहे

कोळसा या काळ्या पाषाणाहून फार जुना आहे. वर्धा नदीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेस जाऊ लागावे, म्हणजे काळा पाषाण हळूहळू झिजून संपतो व त्याच्या खालचे थर उघडे पडतात. वरोरा, माजरी, वणी, घुग्घुस, चंद्रपूर व बल्लारपूर हा सारा टापू असा आहे. तेथे तांबूस व पिवळसर वालुकाश्म दिसतो; त्याच्या खाली कोळशाचे थर, आणि त्याच्याही खाली व आसपास अतिप्राचीन चुनखडक आढळतो. या चुनखडकावर त्या भागातील सिमेंटचे कारखाने उभे आहेत.

या थरांतील सर्वांत नवलाची गोष्ट पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ आढळली. १८७२ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे फेडन यांना तेथील चुनखडकाच्या पृष्ठभागावर घासल्याच्या रेघा व गुळगुळीत झालेला भाग दिसला. सरकणाऱ्या बर्फात रुतलेल्या दगडांनी त्या रेघा ओढल्या होत्या. आज उन्हाळ्यात जेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथे एके काळी हिमनदी होती, याचा हा पुरावा. त्या काळी भारताचा हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता.

बर्फ वितळल्यानंतर, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, तेथे नद्या, दलदली व दाट अरण्ये निर्माण झाली. त्या वृक्षांची पाने जिभेच्या आकाराची असत. पाने व खोडे दलदलीत पडून पाण्याखाली बुडाली. हवा न मिळाल्याने ती पूर्णपणे कुजली नाहीत. त्यांवर वाळू व चिखल यांचा भार पडत गेला आणि दाब व उष्णता यांमुळे त्यांचा कोळसा बनला. त्याच सुमारास पृथ्वीच्या कवचास तडे जाऊन वर्धा ते गोदावरी या दिशेचा एक लांब पट्टा खाली खचत होता. खचलेल्या पट्ट्यात गाळ साठत गेला व तो झिजेपासून वाचला. म्हणून कोळसा सर्वत्र न सापडता या पट्ट्यातच सापडतो. हाच पट्टा पुढे तेलंगणात सिंगरेणीच्या खाणींपर्यंत जातो.

या थरांस भूशास्त्रज्ञ ‘गोंडवन’ म्हणतात. चांदा व नागपूर येथे राज्य केलेल्या गोंड राजांच्या प्रदेशावरून हे नाव पडले आणि पुढे दक्षिणेकडील खंड ज्या प्राचीन महाखंडाचे भाग होते, त्यालाही तेच नाव मिळाले. आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही तीच जिभेसारखी पाने दगडांत उमटलेली सापडतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती मृत्यू पावले. त्यांच्या सामानात जे दगड मिळाले त्यांतही त्याच पानांचे ठसे होते. आपल्या शेजारच्या खदानीतील पान आणि अंटार्क्टिकातील पान एकाच जातीचे, हे ऐकून कोणत्याही वर्गातील मुले चकित होतील.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग लाव्ह्याच्या चादरींखाली झाकलेला आहे. गोंडवनाचे थर त्याखाली जेथे असतील तेथेही ते विहिरीच्या आवाक्याबाहेर खोल आहेत. दक्षिणेस व पूर्वेस उमरेडकडे हे थर पृष्ठभागाजवळ आल्यामुळे खाणी तेथे निघाल्या.

आगगाडी आणि खदान

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. एंजिनास लागणारे इंधन ही त्या काळची मोठी अडचण होती. लाकूड पुरेना, आणि विलायतेहून येणारा कोळसा देशाच्या मध्यभागापर्यंत आणणे फार महाग पडे. म्हणून वर्धा खोऱ्यातील कोळशाकडे सरकारचे लक्ष वळले. १८७१ च्या सुमारास वरोरा येथे सरकारी खाणीचे काम सुरू झाले आणि त्याच दशकात वर्धा ते वरोरा असा सुमारे ४५ मैलांचा, म्हणजे ७२ किलोमीटरांचा, लोहमार्ग बांधण्यात आला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. १८७७ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ह्यूज यांनी या कोळसाक्षेत्राचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला.

हिंगणघाटची कापूसपेठ याच मार्गावर आली. कापसाच्या गासड्या व कोळसा एकाच रुळांवरून जाऊ लागले. पुढे हा मार्ग बल्लारपूरपर्यंत वाढला आणि १९२९ च्या सुमारास काझीपेठेशी जोडला गेला. कोळशासाठी घातलेली एक लहान शाखा अशा रीतीने दिल्ली व मद्रास यांना जोडणाऱ्या हमरस्त्याचा भाग झाली.

वरोऱ्याच्या कोळशाशी भारतीय उद्योगाच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना निगडित आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपुरास सुरू झाली होती. १८८२ मध्ये त्यांच्या वाचनात चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा एक अहवाल आला. लोखंड लोहाऱ्याजवळ व कोळसा वरोऱ्यास, तेव्हा पोलादाचा कारखाना येथेच निघू शकेल असे त्यांस वाटले. त्यांनी नमुने जर्मनीस तपासणीसाठी नेले. परंतु वरोऱ्याचा कोळसा या कामास अयोग्य ठरला. त्यातच सरकारच्या खाणविषयक अटीही जाचक होत्या. टाटांचा पोलादाचा कारखाना अखेर जमशेदपूर येथे उभा राहिला.

कोळसा अयोग्य का ठरला, हे मुलांस समजावून सांगण्याजोगे आहे. काही जातींचा कोळसा हवा न लागू देता तापविला असता मऊ होतो व मग घट्ट, सच्छिद्र ढेप बनतो. त्यास कोक म्हणतात. भट्टीत लोहखनिजाचा प्रचंड भार तो न चुरडता पेलतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा तापविल्यावर अशी ढेप बनत नाही. म्हणून तो एंजिने चालविण्यास व पुढे वीज निर्माण करण्यास उपयोगी पडला, पोलादास पडला नाही. जमिनीत काय आहे एवढ्यावरच प्रदेशाचे भाग्य ठरत नाही. जे आहे ते कोणत्या गुणाचे आहे, यावरही ते अवलंबून असते.

वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. तोवर बल्लारपूरकडे नव्या खाणीची सुरुवात झाली होती. त्यानंतर खोऱ्यात निरनिराळ्या मालकांच्या खाणी निघाल्या. १९७३ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले व १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या कंपनीकडे त्यांचा कारभार आला. तिचे मुख्य कार्यालय नागपूर येथे आहे. १९८३-८४ पासून चंद्रपूर येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. त्याची क्षमता आता २९२० मेगावॅट आहे. शाळेतील दिवा लागतो, त्यामागे या खोऱ्यातील खाणकामगाराचा घामही असतो.

याच संदर्भात एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून सांगावी. पूर्वी देशातील खाणींत लहान मुलेही राबत. १९२३ च्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांस खाणीत कामावर ठेवण्यास मनाई झाली. पुढे वयाची मर्यादा वाढत गेली आणि १९८३ च्या दुरुस्तीने १८ वर्षांखालील व्यक्तीस खाणीत काम देणे बंद झाले. शाळेच्या पटावरील प्रत्येक नाव हे त्या दीर्घ प्रयत्नांचे फळ आहे.

खोदण्याच्या दोन रीती

खोल असलेला कोळसा काढण्यासाठी उभी विहीर किंवा कलती वाट खणून थरापर्यंत जातात. थरात एकमेकींस छेदणाऱ्या गल्ल्या खोदतात व मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब राखून ठेवतात. वरचा खडक या खांबांवर तोललेला असतो. खाणीस किमान दोन वाटा ठेवतात. एक बंद पडल्यास कामगारांस दुसरीने बाहेर पडता यावे व हवाही खेळती राहावी, असा तीत हेतू असतो. खांब काढून घेतल्यास वरची जमीन खचते, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू भरण्याची पद्धत आहे.

वर्धा खोऱ्यातील कोळशास आपोआप पेट घेण्याची खोड आहे. कोळसा हवेतील प्राणवायू शोषून घेतो व त्यातून थोडी उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडली तर काही बिघडत नाही. परंतु चुरा झालेला कोळसा ढिगात साचून राहिला की उष्णता आतच कोंडते, ताप वाढत जातो व अखेर ठिणगीवाचून आग लागते. शेणखताच्या उकिरड्यात हात घातल्यास ऊब लागते. तेथील कारण वेगळे असले तरी उष्णता कशी कोंडते हे मुलांस त्यावरून पटेल. येथील थर जाड असल्यामुळे तो सगळा काढता येत नाही, बराच चुरा मागे राहतो, आणि म्हणून आगीचे भय अधिक असते. हवेचा मार्ग बंद करून ती जागा कोंडणे हाच तिच्यावर मुख्य उपाय असतो.

कोळसा उथळ असेल तर वरची माती व खडक पूर्णपणे बाजूला सारून तो उघड्या खदानीतून काढतात. आज या खोऱ्यातील बहुतेक कोळसा याच रीतीने निघतो. यंत्रे मोठी असतात, काम झपाट्याने होते. परंतु जमिनीचे रूपही तितक्याच झपाट्याने पालटते. खणून काढलेली माती मोकळी झाल्यामुळे मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापते. सपाट कपाशीच्या मुलखात दूरवरून जे उंच, सपाट माथ्याचे डोंगर दिसतात, ते या मातीचे ढिगारे होत.

खाण बंद झाल्यावर

कोळसा संपला म्हणजे खाण संपली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भूमिगत खाणीतील खांब पाण्याने, हवेने व भाराने झिजत राहतात. खांब ढासळला की वरचा खडक ढासळतो आणि खाणीची आठवणही पुसल्यानंतर पृष्ठभागावर खड्डा पडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथे जुन्या भूमिगत खाणीच्या भागात एक घर एकाएकी जमिनीत गडप झाले. ज्यांनी कोळसा काढला ते केव्हाच निघून गेलेले असतात. वर राहणाऱ्या कुटुंबास मात्र त्या पोकळीसह संसार करावा लागतो.

उघड्या खदानीचे परिणाम निराळे आहेत. खदान कोरडी ठेवण्यासाठी पाणी उपसले जाते, तेव्हा आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. ढिगाऱ्यांवरील माती पावसाळ्यात वाहून नाल्यांत साचते. काळी कसदार माती एकदा मुरूम व खडकाखाली गाडली गेली की ती परत मिळत नाही. म्हणून खोदण्यापूर्वी ती वेगळी काढून ठेवावी व शेवटी वर पसरावी, असा नियम आहे. कोळशाच्या खाणींसाठी बंद करतेवेळच्या कामांचा आराखडा आधीच तयार करण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने २००९ मध्ये काढल्या. त्या पाळल्या जातात की नाही, हे पाहण्यास गावात जाणती माणसे हवीत. ती माणसे आज प्राथमिक शाळेच्या बाकांवर बसली आहेत.

खाणीसाठी काही गावे उठून दुसरीकडे वसली. घरांचा मोबदला मिळतो. परंतु शेतांची, नाल्यांची व पाणवठ्यांची नावे कोणत्याही मोबदल्यात बसत नाहीत. ती शाळेच्या वहीत उतरली तरच टिकतात.

वर्गात घ्यावयाचे पाठ

१. विहिरीचा पाठ (इयत्ता तिसरी व चौथी). विहिरीजवळ मुलांस नेऊ नये. खोदकामातून बाहेर टाकलेल्या ढिगातून शिक्षकांनी माती, मुरूम, मांजऱ्या दगड व काळा पाषाण यांचे नमुने आणावेत. काचेच्या बरणीत ते खालून वर योग्य क्रमाने भरावेत व बरणीवर गावाचे नाव लिहावे.

२. खांबांचा पाठ (इयत्ता पाचवी). पाटीवर ओल्या वाळूचा चौकोनी ढीग करावा. त्यात आडव्या-उभ्या गल्ल्या कोरून मध्ये खांब ठेवावेत, वर पुठ्ठा ठेवून त्यावर हळूहळू वजन वाढवावे. नंतर एकेक खांब काढीत जावे. कितव्या खांबानंतर छत ढासळते, याची नोंद मुलांनी करावी. पुढाऱ्याच्या भाषणाने जे पटणार नाही ते या प्रयोगाने पटते.

३. गणिताचा पाठ (इयत्ता सहावी). एका खदानीत १ टन कोळशासाठी ४ घनमीटर माती काढावी लागते असे धरावे. १०,००० टन कोळशासाठी किती माती निघेल? मोकळी झाल्यावर ती सव्वापट जागा व्यापते असे मानल्यास ५ मीटर उंचीचा सपाट थर देण्यास किती जमीन लागेल? उत्तर ४०,००० घनमीटर (मोकळी झाल्यावर ५०,००० घनमीटर) व १ हेक्टर असे येते. ही आकडेवारी केवळ उदाहरणासाठी घेतलेली आहे, हे मुलांस सांगावे.

४. नकाशाचा पाठ (इयत्ता सहावी व सातवी). मुलांनी आजी-आजोबांस विचारून गावच्या शिवाराचा नकाशा काढावा. शेतांची जुनी नावे, नाले, पाणवठे, जुन्या व नव्या खदानी, बुजलेल्या विहिरी यांची त्यात नोंद करावी. नकाशाची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत ठेवावी.

५. सावधगिरीचा पाठ (सर्व इयत्ता). आपल्या जिल्ह्यात कोळशाच्या नसल्या तरी गिट्टीच्या व मुरमाच्या खदानी जागोजाग आहेत. काम थांबल्यावर त्या तशाच उघड्या राहतात. पावसाळ्यात त्या पाण्याने भरतात व तळ्यासारख्या दिसतात. तळ्यास उतरता काठ असतो; खदानीस नसतो. पहिल्याच पावलाला पुरुषभर पाणी असते व कडा निसरड्या असतात. पोहता येणाऱ्या मुलासही वर येण्यास आधार सापडत नाही. हा पाठ जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात घ्यावा. मुलांच्या नकाशावर अशा प्रत्येक खदानीभोवती लाल रेघ काढवून घ्यावी. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तो नकाशा मांडून कुंपण व फलक यांची लेखी मागणी ग्रामपंचायतीकडे करावी आणि मागणीची प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी.

पहिल्या चार पाठांपैकी वेळेअभावी एखादा राहिला तरी चालेल. पाचवा मात्र कोणत्याही शाळेत राहू नये.